गवताळ भूमींतील नाणीं व खोदण्याचें हत्यार

नाशिक जिल्ह्यांत, सिन्नर तालुक्यांत, गोदावरी व दारणा यांच्या संगमाजवळ जोगळटेंभी हें गांव आहे. तेथें इ. स. १९०६ मध्यें चांदीच्या नाण्यांचा एक मोठा निधि सांपडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं त्याची तपासणी करून वृत्तान्त प्रसिद्ध केला. सुमारें १३,२५० नाण्यांचा तो निधि क्षहरात क्षत्रप नहपान याच्या नाण्यांचा होता, आणि त्यांपैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुनः उठविलेला होता. नाशिकच्या त्रिरश्मि पर्वतावरील तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री हिनें आपल्या पुत्राची क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हणून प्रशस्ति कोरविली आहे. ती मातृवात्सल्याची अतिशयोक्ति नव्हे, हें या निधीनें दाखविलें. दर दहा नाण्यांतील सुमारें सात नाण्यांवर विजेत्याचा छाप असणें हा त्यांतील मुख्य पुरावा; आणि निधि एकत्र राहिला व मोजला गेला म्हणूनच तो हातीं आला. हींच नाणीं एकेक करून बाजारांत गेलीं असतीं, तर चांदीवांचून त्यांत फारसें कांहीं उरलें नसतें.

अलीकडे धातुशोधक यंत्र सामान्य माणसाच्या हातीं आलें आहे. गवताळ, पडीक जमिनींत तें फिरवून नाणीं शोधणाऱ्या हौशी लोकांस खोदण्याकरितां कोणतें हत्यार घ्यावें असा प्रश्न पडतो. प्रश्न क्षुल्लक भासेल. परंतु नाण्याचा अर्धा इतिहास त्याच्या भोंवतालच्या मातींत असतो, व ती माती प्रथम हत्यारच हलवितें. म्हणून या विषयाचा थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

यंत्राच्या चकतींतील तारेच्या वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह वाहतो व त्यापासून चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातु आला म्हणजे त्यांत सूक्ष्म प्रवाह उठतात व यंत्र नाद देतें. लहान नाण्याचा नाद साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच मिळतो. धातु कोठें आहे एवढें यंत्र सांगतें. नाणें कोणत्या थरांत आहे, कोणत्या खापराशेजारीं आहे, सुटें आहे कीं मडक्यांत आहे, हें त्यास सांगतां येत नाहीं. तें जाणणें हें हत्यार धरणाऱ्या हाताचें काम होय.

हत्यारापूर्वीं जमीन ओळखावी. आपल्याकडे गांवाची काळी व पांढरी असा भेद पूर्वापार चालत आला आहे. काळी ही पिकाची, पांढरी ही वस्तीची. पडलेल्या भिंतींची माती, राख व केरकचरा यांचे थरावर थर सांचून पांढरीचें टेकाड बनतें. नाशिक शहरांतील गोदाकांठची मातीची गढी हें त्याचें उत्तम उदाहरण होय. डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनीं १९५०-५१ मध्यें तेथें उत्खनन करून ताम्रपाषाणयुगापासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचा क्रम लाविला, व त्याचा वृत्तान्त १९५५ मध्यें डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केला. असा क्रम एका खड्ड्यानेंहि बिघडतो. यास्तव पांढरीवर कितीहि गवत माजलेलें असो, हौशी माणसानें तेथें लोखंड लावूंच नये. तेथें वही व शिसपेन्सील हींच योग्य हत्यारें होत.

काळीची गोष्ट निराळी. तिचा वरचा थर नांगरानें वारंवार उलथलेला असतो, व उन्हाळ्यांत पडणाऱ्या भेगांतून वरचें नाणें खालीं उतरतें. तेथील सुटें नाणें मालकाच्या संमतीनें काढल्यास थरांची हानि सहसा होत नाहीं. मात्र गवताचा विचार करावा लागतो. हरळीचें जाळें वरच्या वर दाट पसरतें. कुंद्याचीं मुळें खोल जातात. भर पावसांत काळी माती हत्यारास चिकटते, वैशाखांत ती दगडासारखी होते व उलटलेलें गवत वाळून जातें. पावसाळा सरल्यावर जमिनीस वाफसा आला म्हणजेच हें काम करावें.

आतां हत्यारें. कुदळ व टिकाव हीं घावाचीं हत्यारें आहेत. घाव नेमका कोठें बसेल याची शाश्वति नसते. नहपानाचें नाणें अवघें सुमारें दोन ग्रॅम वजनाचें, आणि सातवाहनांचीं कित्येक नाणीं शिशाचीं, म्हणजे नखाचाहि ओरखडा उठावा इतकीं मऊ. पहारेनें खालचें मडकें फुटतें. फावडें एका खेपेस गवताचा मोठा तुकडा मुळांपासून तोडतें. निंदणीचें खुरपें हातांत चांगलें बसतें, पण त्याचें वांकडें पातें वरवर ओढण्याकरितां घडविलेलें असल्यामुळें त्यानें उभा काप घेतां येत नाहीं. गवंड्याची करणी सुटी माती उचलण्यास उत्तम. परंतु हरळीच्या मुळांपुढें तिचें पातळ पातें वांकतें.

म्हणून लोहाराकडून सरळ पात्याचें खुरपें करवून घ्यावें हें बरें. पातें वीतभर लांब, तीन बोटें रुंद, दोन्ही कडांस धार असलेलें व टोंकास किंचित् गोल असावें. मोटारीच्या कमानीच्या पाट्याचें पोलाद यास चांगलें, कारण मुळें तोडतांना तें मुडपत नाहीं. पात्यावर सेंटिमीटरच्या खुणा कोरून घेतल्यास खोली मोजण्यास निराळी पट्टी लागत नाहीं. सोबत बांबूची कामटी, मऊ कुंचा व गोणपाटाचा तुकडा असावा. यंत्र पुनः फिरवितांना खुरपें चार हात दूर ठेवावें. नाहीं तर यंत्र खुरप्याचीच वर्दी देत बसतें.

नादाच्या मध्यापासून चार बोटें सोडून तीन बाजूंनीं उभे काप घ्यावे व चौथी बाजू न कापतां ठेवावी. मग पेटीचें झांकण उघडावें तसा गवताचा तो ढलपा चौथ्या बाजूवर उलटावा. माती गोणपाटावर काढावी व नाण्याजवळचीं शेवटचीं दोन बोटें केवळ कामटीनें उकरावीं. काम होतांच माती परत भरून ढलपा जागीं बसवावा, पायानें दाबावा व त्यावर तांब्याभर पाणी घालावें.

परंतु दुसरें, तिसरें नाणें लागोपाठ लागलें, किंवा मडक्याचा कांठ दिसला, तर हात तेथेंच थांबवावा. इंग्लंडांत सफोक परगण्यांतील हॉक्सन येथें नोव्हेंबर १९९२ मध्यें एक गृहस्थ हरवलेला हातोडा धातुशोधकानें शोधीत असतां त्यांस रोमन निधि लागला. कांहीं नाणीं निघतांच त्यांनीं खोदणें थांबवून वर्दी दिली. तज्ज्ञांनीं उरलेला निधि जागच्या जागीं उकलला, म्हणून सुमारें १५,००० नाणीं व दागिने ज्या लांकडी पेटींत ठेविले होते तिच्या आंतील रचनाहि समजूं शकली.

आपल्याकडे निखातनिधीचा १८७८ चा कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास त्याचें स्वरूप, किंमत, स्थळ व दिवस कलेक्टरास लेखी कळवावा लागतो. न कळविल्यास सांपडणाऱ्याचा वाटा जातो व एक वर्षापर्यंत कारावासहि होऊं शकतो. निधि बेवारस ठरल्यास, निराळा करार नसेल तर, तीन चतुर्थांश सांपडणाऱ्यास व एक चतुर्थांश जमिनीच्या मालकास मिळतो. सरकारनें तो घेतल्यास त्यांतील धातूची किंमत व वर तिचा पंचमांश दिला जातो. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्थळांच्या हद्दींत तर १९५८ च्या कायद्यान्वयें परवानगीवांचून खोदतांच येत नाहीं. कायदा जें स्थळ व जो दिवस विचारतो, तेंच इतिहासहि विचारतो, हें ध्यानांत ठेवावें.

काढलेलें नाणें चिंचेनें किंवा राखेनें घासूं नये. जोगळटेंभीच्या नाण्यांवर सातकर्णीच्या चैत्याखालीं नहपानाच्या मुखाची पुसट रेषा उरलेली असते. घासण्यानें प्रथम नाहींशी होते ती हीच रेषा. नाणें कागदांत गुंडाळून त्यावर गांव, शेताचा गटक्रमांक, दिवस, खोली, मातीचा प्रकार व शेजारीं मिळालेलीं खापरें यांची नोंद करावी.

पोथ्यांचे संग्राहक पत्रांक नसलेल्या सुट्या पानाची किंमत जाणतात. अक्षर सुंदर असूनहि तें पान कोणत्या ग्रंथाचें, कोणत्या पानापुढचें, हें ठरवितांना आयुष्य जातें. स्थळ न लिहिलेलें नाणें हें तसेंच सुटें पान होय. ज्या वाचकांच्या संग्रहीं नाशिककडील नाणीं असतील, त्यांनीं तीं कोठें मिळालीं हें सांगणारीं माणसें हयात आहेत तोंवर तीं स्थळें लिहून ठेवावीं, एवढी विनंति आहे.