किल्ली आहे का? रेडिसला विचारायचं कसं

मागच्या वेळी आपण की-व्हॅल्यू डेटाबेसची ओळख करून घेतली: एक किल्ली आणि तिच्यासमोर एक मूल्य. आज एकच छोटा प्रश्न घेऊ. एखादी किल्ली डेटाबेसमध्ये आहे का, हे तपासायचं कसं? उदाहरण रेडिसचं घेऊ. आणि मराठीत 'की' म्हटलं की घोळ होतो, म्हणून आपण किल्लीच म्हणू.

पहिला मार्ग 'गेट'चा. किल्ली नसेल तर उत्तर 'निल' येतं. पण किल्ली आहे आणि तिचं मूल्य रिकामी स्ट्रिंग आहे, असंही होऊ शकतं. पायथनमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये आपण नुसतं 'इफ' लावलं, तर रिकामं असणं आणि मुळात नसणं, दोन्हीही 'नाही' ठरतं. डबा रिकामा असणं वेगळं आणि डबाच नसणं वेगळं. शिवाय, फक्त आहे-नाही कळायला अख्खं मूल्य नेटवर्कवरून ओढून आणायचं कशाला?

म्हणून 'एक्झिस्ट्स' ही आज्ञा आहे. एक किल्ली दिली तर उत्तर 1 किंवा 0. रेडिस 3.0.3 पासून एकाच वेळी अनेक किल्ल्याही देता येतात. मात्र तेव्हा उत्तर म्हणून संख्या मिळते. तीन किल्ल्या दिल्या आणि 2 आलं, तर नेमकी कोणती नाही ते कळत नाही. तीच किल्ली दोनदा लिहिली तर ती दोनदा मोजली जाते. 'कीज' ही आज्ञा मात्र या कामाला वापरू नका. ती सगळ्या किल्ल्या धुंडाळते आणि तोवर बाकीच्यांना थांबावं लागतं.

आता खरी मेख. समजा, नाटकाच्या तिकिटांची विक्री सुरू आहे. क रांगेतली 12 नंबरची खुर्ची दोघांना हवी आहे. पहिल्याचा प्रोग्राम विचारतो, किल्ली आहे का? उत्तर 0. त्याने नाव लिहिण्याआधीच दुसऱ्याचा प्रोग्राम विचारतो. उत्तर पुन्हा 0. मग दोघंही 'सेट' करतात. नंतरच्याने आधीच्याचं नाव पुसलं आणि तिकीट मात्र दोघांच्या हातात! रेडिस कुठेच चुकला नाही. दोन्ही उत्तरं त्या त्या क्षणी खरीच होती. चूक आपली, कारण आपण विचारणं आणि करणं यांच्यात फट ठेवली.

उपाय सोपा आहे. वेगळं विचारूच नका. 'सेट' आज्ञेला 'एनएक्स' जोडा, म्हणजे 'किल्ली नसेल तरच लिही'. रेडिस आज्ञा एकामागून एक चालवतो, त्यामुळे दोघांपैकी एकालाच 'ओके' मिळतं, दुसऱ्याला 'निल'. सोबत 'ईएक्स 600' द्या. पैसे न भरता कुणी निघून गेलं, तर 10 मिनिटांनी खुर्ची आपोआप मोकळी होते.

पण पैसे अकराव्या मिनिटाला आले तर? तोवर खुर्ची दुसऱ्याने धरलेली असू शकते. म्हणून अंतिम विक्रीची नोंद मुख्य डेटाबेसमध्ये, एका खुर्चीला एकच तिकीट या बंधनासह करायची.

घरी जाऊन आपला कोड उघडा. 'एक्झिस्ट्स'च्या खालच्याच ओळीत 'सेट' दिसलं, तर तिथे थांबा. फट तिथेच असते.