वाकण्याआधी सरळ

गुडघा बदललेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवायच्या आत एकच प्रश्न विचारतो, "आता किती वाकतो?" उत्तर अंशांत मिळतं. कुणाचा नव्वद, कुणाचा एकशे दहा, समोरच्या इमारतीतल्या काकांचा म्हणे एकशे पंचवीस. दहावीच्या टक्क्यांसारखी या आकड्यांची चर्चा सोसायटीच्या बाकावर चालते. पण गुडघा पूर्ण सरळ होतो का, हे सहसा कुणी विचारत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत खरं लक्ष तिकडे हवं.

हे ऑपरेशन आपल्याकडे घरोघरी माहीत झालं ते एका पंतप्रधानांमुळे. ऑक्टोबर 2000 मध्ये अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला आणि जून 2001 मध्ये उजवा. दोन्ही वेळा शस्त्रक्रिया करायला न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. मूळचे मध्य प्रदेशातले, वैद्यकीय शिक्षण इंदूरचं. आज जगभर बसवले जाणारे कृत्रिम गुडघे ज्या रचनेतून पुढे आले, ती 'टोटल कॉन्डिलर' रचना न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत 1974 मध्ये पहिल्यांदा वापरात आली, आणि जॉन इन्सॉल व पीटर वॉकर यांच्यासोबत ती घडवणाऱ्यांत राणावतही होते. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे पाच आठवड्यांनी, जुलैच्या मध्यावर, वाजपेयी आग्ऱ्यात पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांच्याशी शिखर बैठकीला बसले होते. खुर्चीवर बसले होते, हे महत्त्वाचं. जमिनीवर मांडी घालायची असती तर पाच आठवडे पुरले नसते.

'गुडघा बदलला' म्हटलं की सगळा सांधा काढून लोखंडाची बिजागरी बसवली असं डोळ्यांपुढे येतं. बिजागऱ्याही बसवून झाल्या आहेत; बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक या सर्जननं 1890 च्या सुमारास हस्तिदंती बिजागऱ्या बसवल्या आणि जंतुसंसर्गानं त्या निकामी झाल्या. आता होतं ते वेगळंच. मांडीच्या हाडाच्या टोकावरून साधारण सेंटीमीटरभर थर कापून त्यावर धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची बैठक, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिएथिलीनची चकती. बाजूचे अस्थिबंध, स्नायू, कातडी सगळं जुनंच राहतं. वर्षानुवर्षं अर्धवट वाकून, आखडून, लंगडून वाईट सवयी लागलेलं. नवा भाग टेबलावरच नीट बसतो. बरं व्हायचं असतं ते या जुन्या भागाला.

गुडघा पूर्ण सरळ असताना उभं राहायला स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. तोच दहा-पंधरा अंश वाकलेला राहिला तर मांडीच्या पुढच्या स्नायूला प्रत्येक क्षणी वजन तोलून धरावं लागतं. माणूस दमतो, लंगडतो, मग कंबर धरते. सर्जन ऑपरेशनच्या टेबलावर पाय सरळ करून देतो. घरी आल्यावर तो पुन्हा वाकडा होतो तो उशीपायी. सुजलेल्या सांध्यात पाणी साठलेलं असतं आणि थोड्या वाकलेल्या अवस्थेत त्या पाण्याला सगळ्यात जास्त जागा मिळते, म्हणून गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. आणि बरं वाटतं म्हणून सांधा तिथेच आखडत जातो.

ठाण्यातल्या एका घरात हे समोरच पाहिलं. सत्तरीच्या काकू दिवाणावर, सुनेनं मायेनं गुडघ्याखाली सरकवलेला मऊ लोड. फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, चप्पल काढता काढताच म्हणाली, "काकू, हा लोड कुणी दिला?" सून ओशाळली. मुलीनं लोड बाजूला केला, टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टाचेखाली दिली आणि गुडघा अधांतरी राहिला. "आता गुडघा खाली गादीकडे दाबा. पाच मोजेपर्यंत." काकूंनी डोळे मिटले, ओठ आवळले. मांडीवर नुसती थरथर उमटली, स्नायू काही वर आला नाही. "दाबा ना काकू." "अगं, दाबतेच आहे! पाय ऐकत नाही त्याला मी काय करू?"

काकूंचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त घटते, असं मोजून पाहिलेलं आहे. स्नायू वाळल्यामुळे थोडी घटते, पण मोठा वाटा मेंदूचा. सूज आणि वेदना असलेल्या सांध्याभोवतीच्या स्नायूला मेंदू पूर्ण हुकूमच सोडत नाही. म्हणून हा दिसायला क्षुल्लक व्यायाम तासातासाला करायचा असतो, आणि म्हणून सूज उतरवणं हा निम्मा उपचार असतो.

आणि सुजेच्या बाबतीत आपल्या घरातली सगळी माया उलटी वाहते. दुखलं की शेकायचं, हे आपल्या हाडात भिनलेलं. गरम पाण्याची पिशवी येते, गावाहून कुणी तेल पाठवतं. या काळात हवा असतो बर्फ, तोही कापडात गुंडाळून. कारण चिऱ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बऱ्याचदा बधिर झालेली असते. तिथली संवेदना वाहणारी बारीक नस चिऱ्यात कापली जाते. तिथं चटका बसला तरी कळत नाही. पोटरी चोळणं तर साफ वर्ज्य. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, त्यासाठी गोळ्या किंवा इंजेक्शनं देतात आणि पावलं घोट्यातून वर-खाली हलवायला सांगतात. एका पोटरीला अचानक सूज आणि कळ, धाप लागणं, जखमेतून पाझर न थांबणं, ताप, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

सेवेचं दुसरं टोक म्हणजे पाणीसुद्धा हातात. ऑपरेशनच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, चार पावलं चालवतात, आणि घरी आल्यावर तीच बाई आठवडाभर पलंगावरून उतरत नाही, कारण "आयुष्यभर केलंत, आता बसा." माझं स्पष्ट मत आहे की सूनबाईंनी पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातच ठेवावा.

काही घरांत भाड्याचं यंत्र आणतात. पाय त्यात ठेवला की ते आपोआप वाकवतं नि सरळ करतं. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांच्या संशोधनातून ही पद्धत आली आणि काही दशकं ती हमखास वापरली जाई. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात तिचा फायदा वाकण्यात सरासरी दोन अंशांचा निघाला. दोन अंशांसाठी रोजचं भाडं भरायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. फिजिओला बोलावण्याचे पैसे मात्र वाचवू नयेत.

आता वाकण्याचं. सपाटीवर चालायला गुडघा सुमारे 67 अंश वाकावा लागतो, जिना चढायला 83, खुर्चीतून उठायला 93. म्हणजे एकशे दहा अंशांत शहरातलं बहुतेक आयुष्य बसतं. नव्वदच्या आत अडकून पडलेल्या गुडघ्याला साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान भूल देऊन वाकवावं लागतं. उकिडवं बसायला मात्र 130 च्या पुढे जावं लागतं. भारतीय पद्धतीचा संडास, मोरी, भाजीची विळी, पूजेचा पाट, भजनाची सतरंजी यांवर वाढलेल्या माणसाचा जीव त्याच आकड्यात अडकलेला असतो. सुरुवातीच्या टोटल कॉन्डिलर गुडघ्याला नव्वदच्या आसपास समाधान मानावं लागे. पुढे रचना सुधारल्या, आणि पूर्वेकडच्या जमिनीवर बसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी 'हाय-फ्लेक्स' नावाचे गुडघे आले. 16 ऑगस्ट 2017 ला राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं किमतींना लगाम घातला तेव्हा दीड लाखाच्या वर छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा गुडघा 54,720 रुपयांवर आला आणि हाय-फ्लेक्सला 56,490 ठरले. तुलनात्मक अभ्यासांत या दोन प्रकारांत वाकण्याचा म्हणावा असा फरक दिसलेला नाही. ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता, त्यावर नंतरचं वाकणं सगळ्यात जास्त ठरतं. हे उत्तर विक्रेत्याला आवडणारं नाही, आणि "अजून थोडी वर्षं ढकलू" म्हणत पार आखडल्यावर येणाऱ्या रुग्णालाही.

दोन्ही गुडघे एकदमच करून घेण्याकडे आपल्याकडे बराच कल आहे. एकच भूल, एकदाच रजा, मुलगा परदेशातून एकदाच येणार. हृदय धडधाकट असेल तर सर्जन तयार होतात, पण जोखीम वाढते. आणि जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हा फिजिओंचा सोपा नियम इथं निरुपयोगी ठरतो. चांगला पाय उरलेलाच नसतो.

रात्रींबद्दल कुणी आधी बजावत नाही. दिवसा पाहुणे असतात, टीव्ही असतो. रात्री दोनला कूस बदलता येत नाही आणि झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुष्कळ जण रडतात, "उगाच केलं" म्हणतात. टाके निघालेले, डॉक्टर खूश, आणि माणूस खचलेला. बऱ्याचदा याच सुमारास जोरदार गोळ्या बंद केलेल्या असतात. वेदनाशामक घेऊन व्यायाम करणं यात कमीपणा नाही. गोळी टाळून व्यायामही टाळणं महागात पडतं. उष्णपणा आणि थोडी सूज काही महिने राहते, आतून टकटक आवाज येतो तो धातू-प्लॅस्टिकचा, आणि सुधारणा वर्षभर चालू राहते.

चांगला बसलेला गुडघा टिकतो. 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार 82 टक्के पूर्ण गुडघे 25 वर्षं चालतात. तरीही एक्स-रे निर्दोष असताना सुमारे पाचातला एक जण समाधानी नसतो, असं अनेक देशांतल्या पाहण्या सांगतात. यात झीज थोडीच असताना घाई केलेले असतात, कंबरेचं दुखणं गुडघ्यावर ढकललेले असतात, आणि पूर्वीसारखी मांडी घालता येईल असं कुणीतरी सांगितलेलेही असतात. ऑपरेशनआधीच्या भेटीत खर्चाबद्दल अर्धा तास बोलणारी कुटुंबं हा प्रश्न दोन मिनिटांत विचारू शकतात: माझ्या या गुडघ्यानं मला जमिनीवर बसता येईल का, आणि नाही आलं तर चालेल का? दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर डॉक्टरकडे नसतं.