पाणगवतातला मरळ

खान्देशाला समुद्र नाही. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ केल्प या उंच समुद्री शेवाळाच्या रानात केल्प बास हा मासा जसा दबा धरतो, तसाच गोड्या पाण्यातल्या गवतात मरळ दडतो. तापी, गिरणा, पांझरा यांचे संथ डोह आणि तापी-पूर्णा संगमाखालचं, ४१ दरवाजांचं हतनूर धरण इथं गळ टाकायचा, तर दाट पाणगवत आणि मोकळं पाणी जिथं मिळतं ती कड धरावी. आमिषाला छोटी मासोळी किंवा बेडूक.

मरळाला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. त्यामुळे तो गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही टिकतो. मात्र हवा घ्यायला त्याला वर यावंच लागतं. पृष्ठभागावरची ती हलकी खळबळ हेरणं हेच खरं कसब.

पावसाळ्यात मात्र हात आवरावा. मरळाची जोडी गवतात गोल जागा मोकळी करते, तिथं अंडी तरंगतात. पुढे लालसर-नारिंगी पिल्लांचा पुंजका आईबाप राखतात. त्या पुंजक्यावर गळ टाकला की राखणदार हमखास लागतो आणि पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. अशी मासेमारी सरळसरळ चुकीची आहे. मासा टिकावा म्हणून तिकडे कॅलिफोर्नियातही १४ इंचांहून लहान केल्प बास पाण्यात परत सोडावाच लागतो.

जलाशयांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. गळ टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी.