शिरपामाळ आणि सुरतेचं बंदर

जव्हारला गेलात की जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट होतोच. शिरपामाळ मात्र बऱ्याच जणांचं राहून जातं! सुरतेवर निघालेल्या शिवरायांचं जव्हारच्या विक्रमशहा राजांनी इथेच शिरपेच देऊन स्वागत केलं, असं परंपरा सांगते.

सुरत म्हणजे मुघलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर. मोठी जहाजं तापीच्या मुखाजवळ सुवाळीला नांगर टाकायची, माल आणि पैसा मात्र शहरातल्या वखारींत. डच-इंग्रजांच्या तोफा होत्या, किल्ला होता, पण शहराला धड तट नव्हता. जानेवारी १६६४ मध्ये शिवरायांचा घाव पडला तो जमिनीकडून. सुभेदार इनायत खान किल्ल्यात दडला आणि वीरजी व्होरासारख्या बड्या सावकाराचा वाडा लुटला गेला. व्यापारी पळू नयेत म्हणून औरंगजेबाला वर्षभराची जकात माफ करावी लागली. १६७० मध्ये पुन्हा लूट. १६८७ मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणं मुंबईला हलवलं. त्यामागे इतरही कारणं होती, पण असुरक्षित बंदरात भांडवल टिकत नाही हे खरंच.

आजही तसंच. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर कितीतरी जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. विमा आणि भाडं दोन्ही चढलं, युरोपला निघालेल्या नाशिकच्या द्राक्षांचाही प्रवास लांबला.

आणि बंदरांचा विषय निघालाच आहे, तर जव्हार ज्यात येतं त्या आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली ३० ऑगस्ट २०२४ ला. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.