गोळी चालू म्हणजे व्यसन चालू?
गर्द (हेरॉइन) सोडू पाहणारा माणूस रोज सरकारी रुग्णालयातल्या केंद्रावर जातो, परिचारिकेसमोर जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी विरघळवतो आणि कामाला लागतो. 'एक नशा सुटली, दुसरी लागली,' असं घरचे म्हणतात. या उपचाराला ओएसटी (अफूजन्य अमली पदार्थाऐवजी देखरेखीखाली औषध देणं) म्हणतात. हेरॉइन मेंदूतल्या ज्या कुलपात बसतं त्यातच ही किल्ली बसते, पण अर्धीच फिरते: अंगदुखी, जुलाब, तलफ थांबते, सरावलेल्या शरीराला झिंग जवळजवळ चढत नाही. हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो, हिचा दिवसभर टिकतो. पुढच्या पुडीमागची वणवण संपते, ती त्यामुळे.

शरीराला गोळीची सवय होते, हा आक्षेप खरा आहे. एकदम थांबवली तर त्रास होतोच. पण व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही न आवरणारी ओढ, नुसतं औषधावर अवलंबून असणं नव्हे. शिवाय 'निर्धार पुरे' म्हणत घाईनं गोळी सोडणं धोक्याचं: सहनशीलता (मोठी मात्रा पचवायची शरीराची सवय) ओसरलेली असते आणि पाय घसरला, तर जुन्याच मात्रेनं श्वास थांबू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. रोजच्या रांगेची तक्रार मात्र रास्त आहे. सकाळची पाळी असलेल्याचा खाडा पडतो.