विश्लेषण : डॉक्टरांनी ‘घरी जा’ म्हटले, तरी कागद का अडतात? मेडिकल सेक्रेटरीचे काम नेमके काय?

तळोजा एमआयडीसीतील कामगार असो की फेज १, फेज २ मधील नव्या इमारतींतले कुटुंब, मोठ्या उपचारासाठी खारघर, कामोठे किंवा पनवेल गाठावे लागते. तिथे डॉक्टरांची भेट काही मिनिटांची असते. अपॉइंटमेंट, रिपोर्ट, सही-शिक्का आणि डिस्चार्ज कार्डासाठी मात्र गाठ पडते ती विभागाच्या टेबलावरच्या मॅडमशी किंवा सरांशी. रजेचा पगार, योजनेची मंजुरी आणि विम्याचा दावा अनेकदा या टेबलावर तयार होणाऱ्या कागदावर ठरतो. म्हणूनच हे काम समजून घेणे महत्त्वाचे.

ही व्यक्ती कोण असते?

आपल्याकडे कुठे विभाग सचिव, कुठे वॉर्ड क्लार्क, तर कुठे कोऑर्डिनेटर असे पदनाम असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात ‘मेडिकल सेक्रेटरी’ हा स्वतंत्र व्यवसाय आहे. भारतातही २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या अनुसूचीत मेडिकल सेक्रेटरी आणि ट्रान्स्क्रिप्शनिस्ट यांचा उल्लेख आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी हे केवळ टायपिंग नाही, ते आरोग्यसेवेतील काम आहे.

दिवसभरात काय करावे लागते?

ओपीडीच्या आधी फाइल आणि रिपोर्ट एकत्र करणे, शस्त्रक्रियांची यादी तयार ठेवणे, डॉक्टरांनी सांगितलेला मजकूर टाइप करून सहीला ठेवणे, दुसऱ्या विभागाला पत्र देणे, पुढच्या तारखा देणे आणि फोन घेणे. कर्करोगासारख्या आजारात हे काम वाढते. टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था तळोजाच्या शेजारी खारघरला आहे. कर्करोगाच्या उपचारात शल्यचिकित्सक, औषधोपचार तज्ज्ञ, रेडिएशन तज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात. अशा बैठकीच्या दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट फाइलमध्ये नसेल, तर निर्णय पुढे ढकलला जाऊ शकतो.

लहानशा चुकीची किंमत किती?

ईएसआय : १ जानेवारी २०१७ पासून महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात. आजारपणात पात्र कामगाराला सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला कमाल ९१ दिवस मिळते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यावरची तारीख चुकली, तर तेवढ्या दिवसांच्या पैशांवर प्रश्नचिन्ह उभे राहते.

महात्मा फुले जनआरोग्य योजना : २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगडही होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. नियोजित उपचाराआधी पूर्वमंजुरी घ्यावी लागते. रेशनकार्डावर एक नाव आणि केसपेपरवर दुसरे, असे झाले की शंका निघते आणि शस्त्रक्रियेची तारीख लांबते.

मृत्यूचे कारण : रुग्णालयात मृत्यू झाल्यास डॉक्टर नमुना ४ मध्ये कारण प्रमाणित करतात. २०२३ च्या दुरुस्तीनुसार त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक आहे. नाव किंवा वय चुकले, तर पुढे विमा आणि वारसाच्या कामात हेलपाटे ठरलेले.

कागद मागण्याचा हक्क आहे का?

आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रुग्णाला केसपेपरच्या प्रती देण्याच्या बाजूने निर्णय दिला होता.

मात्र शेजारी, मालक किंवा दूरच्या नातेवाइकाला माहिती नाकारली गेली, तर तो उद्धटपणा समजू नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय एखाद्याची एचआयव्हीविषयक माहिती उघड करता येत नाही. फोनवर रिपोर्ट न सांगणे हा या कामाचाच भाग आहे.

ही नोकरी करायची असेल तर?

पदवी, मराठी-इंग्रजी टायपिंग आणि संगणकाचे ज्ञान हा पाया. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेत असलेली संगणक टायपिंग परीक्षा अनेक जण देतात. पण खरी कसोटी वैद्यकीय शब्दांची असते. ‘हायपो’ म्हणजे कमी आणि ‘हायपर’ म्हणजे जास्त. एका अक्षरासमूहाने आजाराचा अर्थ उलटतो. उजवा-डावा आणि मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम यांचेही तेच. शंका आली की अंदाजाने न लिहिता डॉक्टरांना पुन्हा विचारणे हे या कामातले मोठे कौशल्य. घाबरलेल्या नातेवाइकाशी शांतपणे बोलणे हे दुसरे.

रुग्णांनी काय काळजी घ्यावी?

- केसपेपर काढतानाच आधार आणि रेशनकार्डाप्रमाणे नाव, वय तपासा.
- डिस्चार्ज कार्ड टेबलावरच वाचा. नाव, दाखल व सुट्टीची तारीख, बाजू, औषधांचे प्रमाण आणि पुढची तारीख पाहा.
- चूक दिसली तर स्वतः पेनाने खोडू नका. दुरुस्ती डॉक्टरांच्या सहीनेच करून घ्या.
- नोंदींची मागणी लेखी करा आणि पोच घ्या.
- प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो ठेवा, मूळ प्रती एकाच फाइलमध्ये लावा.

टेबलामागची व्यक्ती औषध देत नाही, पण दिलेल्या उपचाराचा पुरावा तिच्या हातून तयार होतो. तो घरी नेण्याआधी पाच मिनिटे देऊन तपासला, तर पनवेलच्या दोन फेऱ्या वाचू शकतात.