उसाच्या फडात कातडीची निगा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे. कातडीवर का लिहावे, असे काही मंडळी म्हणतील. मी कृषी पदविकाधारक आहे, डॉक्टर नव्हे, हेही खरे. पण गावोगाव प्लॉट पाहत फिरताना उसाच्या पानावरचा तांबेरा जितका दिसतो, तितकाच सभासदांच्या मानेवरचा व कोपराच्या आतल्या बाजूचा लालपणाही दिसतो. तांबेरा दिसला की त्याच दिवशी गट ऑफिसला सांगावा येतो. मानेचे मात्र कोणी वर्षानुवर्षे सांगत नाही. हळद-साय बायामाणसांनी लावावी, गड्याच्या कातडीला काय होतंय, अशी आपली समजूत.

दोन वर्षांपूर्वी एका सभासदाच्या बेणे प्लॉटवर गेलो होतो. वय पन्नाशीचे. पापण्या सुजलेल्या, मान काळवंडून जाड झालेली. "रक्त बिघडलंय साहेब, उष्णता लई हाय," म्हणाले. वांगे सोडले, मासळी सोडली, तरी गुण नाही. आणि बांधावर पाहतो तर कमरेइतके गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरून आलेले! त्याच बांधावर बसून आम्ही बोलत होतो.

हे गवत आपल्याकडचे नव्हे. भारतात १९५५ च्या सुमारास ते प्रथम पुण्यात नजरेस आले. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे मानतात. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याची काहींच्या कातडीला वावडी होते. गवताला हात लावलाच पाहिजे असे नाही. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर उडून पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत बसतो. हा त्रास जास्त करून उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांनाच होतो, आणि एकदा जडला की बहुतेकांना जन्मभर पुरतो. म्हणून गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्याला वावडी आहे त्याने ते काम दुसऱ्याकडे द्यावे. वाळवून पेटवू नये, धुरानेही त्रास होतो. पावसाळ्यात या गवतावर पट्ट्यापट्ट्यांचे मेक्सिकन भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका, ते आपलेच काम करीत असतात.

त्या सभासदाच्या खिशात एक चपटी ट्यूब होती. दुकानदाराने दिलेली. लावली की दोन दिवसांत खाज थांबते, सोडली की दुप्पट उठते, म्हणून चार वर्षे लावणे चालू. अशा ट्यूबमध्ये स्टेरॉईड असते. जांघेतल्या नायट्यावर ती लावली तर वरून लाली जाते, आतून बुरशी पसरत राहते. तोंडावर लावली तर कातडी पातळ होऊन ऊन सोसत नाही. हा प्रकार देशभर इतका वाढला की २०१८ मध्ये केंद्र सरकारला अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी करावी लागली. तरी ती मिळतात, हे आपण सर्व जाणतो. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर स्वतःच्या मनाने लावू नये. बरीच वर्षे लावीत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवून बंद करावी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कातडीचे डॉक्टर आहेत. आपले सभासद तेथेच गेले.

आता रोजची निगा. हिला खर्च नाही, वेळही फार नाही. शेतातून आल्यावर जेवणाच्या आधी, तंबाखू मळण्याच्याही आधी, हात, तोंड, मान साबणाने धुवावी. पाचटाची कुसे आणि गवताचा भुगा एवढ्यानेच बराच निघून जातो. अंग पुसून थोडे ओलसर असतानाच खोबरेल लावावे. कोरड्यावर लावलेले तेल नुसते वर राहते. बोअरच्या जड पाण्याने आंघोळ करणाऱ्यांना, त्यात थंडीत, याची जास्त गरज आहे. फडात पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. टोपीने टाळू झाकते, मान उघडीच राहते, म्हणून उन्हात रुमाल मानेवरून घ्यावा.

फवारणी किंवा बेणेप्रक्रिया उघड्या हातांनी करणारे अजून पाहतो. औषध तोंडावाटे नाही गेले म्हणजे झाले, असे वाटते. पण ते कातडीतूनही आत जाते, आणि तळहातापेक्षा कपाळ व जांघेची कातडी ते कितीतरी जास्त शोषते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक जण दगावले, हे विसरू नये. काम संपताच कपडे काढून वेगळे धुवावे व साबणाने आंघोळ करावी.

रात्री लाईट येते तेव्हा दारे धरावे लागते, त्याला इलाज नाही. पण पहाटे घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्या, नाहीतर चिखल्या होतात. गमबूट आतून ओला राहिला तर अनवाणी बरे म्हणायची वेळ येते. नायटा, खरूज असेल तर टॉवेल वेगळा ठेवावा आणि खरजेचे औषध घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे. एकट्याने लावून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र खाजत नाही, दुखत नाही, म्हणून राहून जाते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर टोचलेले कळत नसेल, तर लाजू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा किंवा बारा महिन्यांचे औषध फुकट मिळते व रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर हाताची बोटे वाकतात, मग खुरपेही धरता येत नाही.

आपल्या त्या सभासदाच्या पापण्या आता उघडतात. मानेचा काळेपणा अजून आहे. यंदा गवत त्यांच्या मुलाने जूनमध्येच उपटले, पण शेजारच्या बांधावर तसेच उभे आहे. त्या शेजाऱ्याशी मी बोलतो आहे. खोडव्याच्या नोंदीसाठी आपल्या गावी येईन तेव्हा घरात असलेली ट्यूब घेऊन या, वरचे नाव सोबत वाचू. अक्षर फार बारीक असते, चष्मा आणायला विसरू नका.